पाणी गाळून पितो, तसं नर्सिंग होमही पारखून घ्यावं



दिवाळीनंतर माझ्या सासूबाईंचं मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पण सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं, की पुढचे सहा आठवडे रोज व्यायाम, जखमेची देखभाल आणि उठवण्या-बसवण्याला शिकलेली माणसं हवीत. आमचं नाचणगावचं घर जुनं. दारात तीन उंच पायऱ्या, संडास अंगणाच्या पलीकडे. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला मी एकटीने उचलायचं आणि उचलताना तोल गेला तर दोघींनी पडायचं, ही जोखीम आम्हाला घ्यायची नव्हती. म्हणून सहा आठवड्यांसाठी जागा शोधायला निघालो.

गावात बोलणं झालंच. "घरी सून असून बुढीले बाहेर ठेवून रायले," हे वाक्य माझ्यापर्यंत दोन बाजूंनी आलं. लोकांच्या बोलण्यापेक्षा मनातला प्रश्न मोठा होता. आपल्या बारा तपांमध्ये वैयावृत्य हे अंतरंग तप आहे. तत्त्वार्थसूत्रात ज्यांची वैयावृत्ती करावी असे दहा सांगितले आहेत, त्यात 'ग्लान' म्हणजे आजारी हाही आहे. ती यादी मुनिसंघाची, पण श्रावकाच्या घरातही भाव तोच. मग पैसे देऊन दुसऱ्याच्या हातून करवून घेतलेली सेवा ही सेवा उरते का? याचं उत्तर मला जागा बघता बघता मिळालं. हात दुसऱ्याचे चालतात, पण डोळे आपलेच लागतात. नुसतं बिल भरून मोकळं झालं, तर ते वैयावृत्य नव्हे.

तर ते डोळे कसे वापरायचे, ते सांगते.

आधी कागद

आपल्याकडे दवाखान्यालाही नर्सिंग होम म्हणतात आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या जागेलाही. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत नुसता आजार किंवा जखम नाही, तर अशक्तपणाही येतो. जिथे अशी माणसं ठेवून उपचार आणि शुश्रूषा केली जाते, त्या जागेची नोंदणी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं आणि दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण होतं. म्हणून आत गेल्या गेल्या भिंतीकडे बघा. तारीख वाचा, किती खाटांची परवानगी आहे ते वाचा आणि मग खाटा मोजा.

एका ठिकाणी मला सांगितलं, "आमचं नर्सिंग होम नाही, केअर सेंटर आहे, आम्हाला नोंदणी लागत नाही." पण आत सलाईन चालू होती, लघवीच्या नळ्या लावलेल्या होत्या, इंजेक्शनं दिली जात होती. फक्त राहण्या-जेवणाची सोय असलेला वृद्धाश्रम वेगळा आणि उपचार करणारी जागा वेगळी. पाटीवर काय लिहिलंय याच्यापेक्षा आत काय चाललंय ते बघा.

२०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दरपत्रक रुग्णालयात लावणं बंधनकारक झालं. हे दोन कागद भिंतीवर दिसले नाहीत, तर मागा. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेही बघण्यासारखं असतं.

आग आणि दार

आग म्हणजे काय, हे आपल्या भागाला शिकवायची गरज नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या डेपोत लागलेली आग आपण विसरलेलो नाही. रुग्णालयातली आग मात्र वेगळी असते, कारण आतलं माणूस स्वतः पळू शकत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली, त्यातली बरीचशी धुराने गुदमरून. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि १३ रुग्ण गेले. त्याआधी ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात तळघरात आग लागली, धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि नव्वदहून जास्त माणसं गेली.

या तिन्ही घटना रात्रीच्या किंवा पहाटेच्या. आपण मात्र जागा बघायला सकाळी अकराला जातो, जेव्हा सगळा कर्मचारीवर्ग हजर असतो! म्हणून एक फेरी रात्री नऊनंतर, न सांगता मारा. किती माणसं जागी आहेत ते मोजा. जिना दोन बाजूंनी आहे का? दुसरं दार उघडं आहे की त्याला खाटा आणि सिलिंडर टेकवून ठेवलेत? एका गावी, दिसायला फार चकचकीत असलेल्या जागेत, वरच्या मजल्याच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं आणि किल्ली खाली चौकीदाराकडे. विचारलं तर म्हणाले, म्हातारे बाहेर निघून जातात म्हणून. आम्ही तिथूनच परत फिरलो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची साधनं चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते 'फॉर्म बी' मागा. लाल सिलिंडर भिंतीवर असतोच, त्याच्यावरची तारीखही वाचा. आणि रात्रपाळीच्या बाईला सहज विचारा, "हा चालवता येतो का हो?"

पाच समित्या

यापुढचं बघण्यासाठी माझ्याकडे वेगळी यादी नव्हती. स्वाध्यायात वाचलेल्या पाच समित्या डोक्यात होत्या, त्याच लावून बघितल्या. त्या मुनिराजांच्या व्रतातल्या, आपण त्यांच्या जवळपासही नाही. पण जपून वागायचं म्हणजे नेमकं कुठे कुठे, ते त्यांनी इतकं नेमकं सांगितलंय, की आजाऱ्याच्या खोलीतही ते लागू पडतं.

ईर्यासमिती म्हणजे बघून चालणं. फरशी ओली आणि गुळगुळीत आहे का, संडासात धरायला दांडे आहेत का, रात्री मिणमिणता तरी दिवा असतो का, खाटेची उंची पाय टेकतील इतकी आहे का, हे बघा. सासूबाईंसारखं खुब्याचं हाड एकदा मोडलेलं माणूस पुन्हा पडलं, तर सावरणं फार अवघड जातं. "तुमच्याकडे कोणी पडलं तर तुम्ही काय करता?" असं विचारा. "आमच्याकडे कोणी पडतच नाही," हे उत्तर मला तरी पटत नाही. जिथे पडल्याची नोंद वहीत ठेवतात आणि घरच्यांना लगेच फोन करतात, ती जागा खरं बोलते.

भाषासमिती म्हणजे बोलणं. आजाऱ्याला नावाने हाक मारतात की "सात नंबर"? पातळ-कपडे बदलताना पडदा ओढतात का? घंटी वाजल्यावर किती वेळाने कोणी येतं, हे घड्याळ लावून बघा. एका ठिकाणी घंटीची वायर गुंडाळून हात पोचणार नाही अशी वर अडकवली होती. भर दुपारी सगळे गाढ झोपलेले दिसले, तर गुंगीचं औषध कोणाच्या सांगण्यावरून देतात ते विचारा. हात खाटेला बांधलेला दिसला, तर कोणत्या डॉक्टरांनी, किती वेळासाठी लिहून दिलं ते विचारा.

एषणासमिती म्हणजे आहार, आणि त्यातच औषध. सासूबाईंचा रात्री चारही आहारांचा त्याग. मार्गशीर्षात सूर्य साडेपाचलाच मावळतो आणि नर्सिंग होमचं जेवण साडेआठला. हे आधीच बोलून ठेवावं लागतं. आम्ही गाळलेलं, उकळलेलं पाणी आणि संध्याकाळचा डबा द्यायची परवानगी लेखी घेतली. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांनी सकाळ आणि साडेचार अशा बसवून दिल्या. प्रत्येक औषधाचं असं होत नाही. जे रात्रीच घ्यायला हवं, त्यासाठी नियमात छूट ठेवायची की कसं, ते महाराजांना किंवा माताजींना विचारावं. पण मनानेच गोळी चुकवू नये.

कॅप्सूलचं वरचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. पुष्कळदा तेच औषध गोळीत मिळतं. हाडाच्या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती हिपॅरिन जातीची इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून बनतात. दुसरा पर्याय चालेल का, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा. पर्याय नसेल, तर ते थांबवायचा निर्णय घरी बसून घेऊ नका. गुठळी जीव घेते.

आणि औषधांचा तक्ता बघा. किती वाजता, काय दिलं, कोणी दिलं, सही आहे का? उद्याच्या सगळ्या सह्या आजच झालेल्या असतील, तर काय ते समजा.

आदाननिक्षेपण समिती म्हणजे उचलणं आणि ठेवणं. आम्हा बायकांना ही डबे-बरण्यांपुरती माहीत, पण आजारी माणूसही उचलावं-ठेवावंच लागतं. काखेत हात घालून ओढतात, की दोघी मिळून चादरीवर सरकवतात? खाटेवर पडून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखमा होतात. पावडर आणि अत्तराचा वास कितीही येवो, तुम्ही टाचा बघा. त्या लाल असतील, तर कूस बदलली जात नाही. एका आजाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का, तेही इथेच बघून घ्या.

इथेच शिक्षणही विचारा. एएनएम किंवा जीएनएम झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदलेली परिचारिका रात्री असते का? ब्युरोच्या मावश्या मायाळू असतात, सासूबाईंना त्यांचाच जास्त लळा लागला. पण इंजेक्शन आणि नळी हे मावश्यांचं काम नाही.

उत्सर्गसमिती म्हणजे मळ-मूत्र जपून टाकणं. मागच्या दाराने एक चक्कर मारा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ता-पूचे बोळे पिवळ्यात, नळ्या लाल डब्यात, काच निळ्यात आणि सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात जातात. मागे उघड्यावर सुया दिसल्या, तर तो कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाणार आहे आणि गाईच्या तोंडातही. आपल्याला अहिंसा मानायची असेल, तर ही हिंसा आपल्या बिलातून होते आहे.

शेवटी काय झालं

चार जागा बघून आम्ही पाचवी घेतली. ती सगळ्यांत देखणी नव्हती. रंग उडालेला, लिफ्ट नाही, म्हणून तळमजल्याचीच खोली मागितली. पण प्रमाणपत्र भिंतीवर होतं, रात्री दोन परिचारिका जाग्या होत्या, आणि दारात भेटलेल्या एका आजाऱ्याच्या मुलीने न विचारता सांगितलं, "इथे वाईट बातमीही लवकर सांगतात." माझ्यासाठी ते पुरेसं होतं. आगाऊ रक्कम परत कशी मिळेल आणि तब्येत बिघडली तर कोणत्या मोठ्या रुग्णालयात नेतील, हे लिहून घेतलं.

सहा आठवडे आम्ही वेळा ठरवून नव्हे, तर मुद्दाम वेगवेगळ्या वेळी जात राहिलो. कधी मी, कधी हे, कधी नागपूरची नणंद. तिसऱ्या आठवड्यात उजवी टाच लाल दिसली. मी बोलले. त्यांनी वाद न घालता त्याच दिवसापासून टाचेखाली उशी दिली आणि कूस बदलल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. जखम झाली नाही. चूक कुठेही होते, पण ती दाखवल्यावर काय होतं, यावरून जागा कळते.

निर्विचिकित्सा अंगाची उद्दायन राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रोगी मुनींनी अंगावर ओकारी केली, तरी राजाला किळस आली नाही. त्या सहा आठवड्यांत महिना थोड्याशा पगारावर परक्या म्हाताऱ्यांचे डायपर बदलणाऱ्या मावश्या मी रोज बघितल्या. त्यांना या अंगाचं नावही माहीत नाही. आपल्या वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली, तेव्हा लोक त्या रुग्णांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. ही परंपरा आपल्या मातीतली आहे. म्हणून मावश्यांशी भाव करू नका, त्यांचं नाव विचारा, त्यांच्याही हाताला चांगले मोजे मिळतात का ते बघा.

सासूबाई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जातात. मंदिराच्या पायऱ्या अजून जमत नाहीत, दर्शन दारातूनच होतं. त्यांना विचारलं, तिथे कसं वाटलं होतं? म्हणाल्या, "पहिले चार दिवस वाटलं टाकून दिलं. मग तू अवेळी यायला लागलीस, तेव्हा वाटलं, नाही, लक्ष आहे."

ज्येष्ठांना कुठे त्रास होत असेल तर १४५६७ ही हेल्पलाइन आहे आणि तातडीला १०८. दोन्ही नंबर आजच फ्रिजवर लिहून ठेवा.

जय जिनेंद्र.