दर्या आणि दऱ्या : एका अक्षराचा पत्रव्यवहार

मावळे ‘दऱ्याखोऱ्यांतून’ निघाले की ‘दर्याखोर्यांतून’? पहिला शब्द वाचताना सह्याद्री डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसरा वाचताना मावळ्यांना गलबते लागतील असे वाटते. महाजालावरील मराठी इतिहासलेखनात हे दुसरे रूप काही वर्षांपूर्वीपर्यंत सर्रास भेटत असे, आणि पुष्कळदा तो लिहिणाऱ्याचा दोष नसे. आज आपल्या मोबाइलवर तो आडवा, नाजूक, पापणीच्या केसासारखा ‘ऱ्’ निमूटपणे उमटतो. इंग्रजी परिभाषेत त्याला ‘आयलॅश रा’ म्हणतात, म्हणजे पापणीचा र. तो पडद्यावर कसा आला, त्यामागे कोणाचा पत्रव्यवहार होता आणि ती पत्रे आज कोठे आहेत, हा या धाग्याचा विषय.

या अक्षराशी माझे नाते घरातले आहे. वडील कोल्हापुरात एका लहानशा छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा खण असे आणि हा ‘ऱ्’ही तेथे शिशाचा एक खिळा होऊन पडलेला असे. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी, हा फरक वडिलांच्या बोटांना ठाऊक होता. हात आपोआप योग्य खणाकडे जाई. खिळा संपला तर शेजारच्या छापखान्यातून मागून आणायचा, एवढीच काय ती अडचण.

संगणकात असा खण नाही. १९९१ साली निघालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ प्रमाणावरून घेतली आणि दोहोंचे तत्त्व एकच होते : साठवायचे ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. र, हलन्त आणि य अशी तीन चिन्हे ओळीने साठवली जातात. त्यांचा जोड कसा दिसावा हे दाखवण्याच्या क्षणी प्रोग्रॅम ठरवतो. नियमानुसार र आणि हलन्त यांचा रफार होतो व तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. झाला ‘दर्या’. मग ‘दऱ्या’ लिहायचा कसा?

युनिकोडने याची दोन उत्तरे दिली, आणि दोन उत्तरे असणे हीच पुढच्या गोंधळाची मुळी. पहिल्या उत्तरात ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरायचे. प्रमाणग्रंथात त्याची ओळख द्राविडी भाषांतील एका ध्वनीचे लिप्यंतर करण्यासाठी, अशी दिली आहे; मात्र त्याचे अर्धे रूप पापणीसारखे दिसेल, अशी पुस्ती तेथेच जोडलेली आहे. मराठीचा नित्याचा जोड असा द्राविडी अक्षराच्या ओसरीवर मुक्कामाला आहे, ही गंमत भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी. दुसरे उत्तर युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ठेवलेले आहे : नेहमीचा र, हलन्त आणि त्यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. हे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने ते निरुपयोगी समजून गाळले की ‘दऱ्या’चा पुन्हा ‘दर्या’ होतो आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आकार ठरवण्याचे हे काम प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. त्यासाठी तो ‘लायब्ररी’कडे जातो. आम्हा कोल्हापूरकरांना हा शब्द ऐकला की १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आठवते, आणि उपमा अगदीच चुकीची नाही. एकाने लिहून ठेवलेला उपयुक्त मजकूर इतरांनी हवा तेव्हा वापरावा, हे तत्त्व दोन्हीकडे समान; फरक इतकाच की येथे पुस्तक परत करावे लागत नाही. मुक्त प्रणालींच्या जगात ओवेन टेलर यांनी उभी केलेली ‘पँगो’ ही अशी एक लायब्ररी होती. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे तिचे नाव. २००२ साली आलेल्या ‘जीटीके २’ या प्रणालीत ती बसली. शेजारी आयबीएमची ‘आयसीयू’ होती, ‘क्यूटी’ची स्वतंत्र व्यवस्था होती आणि मायक्रोसॉफ्टची ‘युनिस्क्राइब’ तर होतीच. विंडोज २००० पासून तिच्या जोडीला र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक होता. परिणाम असा, की एकच मराठी वाक्य एकाच यंत्रावरील दोन खिडक्यांत दोन तऱ्हांनी दिसू शके. ‘तऱ्हा’ हा शब्दसुद्धा.

तक्रार करायची तर कोठे? अशा लायब्ररीला ना कचेरी, ना दरवाजा. असे ते फक्त टपालयादीचे नाव. एका ठरावीक पत्त्यावर ईमेल धाडले की ते यादीतील सर्वांना पोहोचे आणि त्याची एक प्रत सार्वजनिक संग्रहात कायमची जमा होई. ही पद्धत महाजालाहून जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील अर्पानेटवर अशा याद्या होत्या. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक थॉमस याने ‘लिस्टसर्व्ह’ लिहून त्यांचा कारभार यंत्राच्या हाती दिला. पुढे सर्वत्र पसरलेले ‘मेलमन’ हे जॉन व्हिएगा याने सुरू केले आणि बॅरी वॉर्सॉ याने वाढवले. ते पायथन या भाषेत लिहिलेले आहे, आणि खुद्द पायथनची घडण अनेक वर्षे टपालयाद्यांवरच चालली. घडवणाऱ्यांची टपालगाडी त्यांनी घडवलेल्या लाकडाचीच होती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. दूरध्वनीच्या तारेवरचे ते दिवस ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ईमेलची थोरवी कळणे कठीण आहे. कोल्हापुरात मी विद्यार्थी असताना इंटरनेट कॅफेत तासाप्रमाणे पैसे मोजावे लागत. टपालयादीची पत्रे साध्या मजकुराची, काही किलोबाइटांची. ती फ्लॉपीवर उतरवून घ्यावीत, घरी निवांत वाचावीत, उत्तर तयार करावे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन धाडावे. पॅरिस, टोरांटो, मुंबई आणि आमची शाहूपुरी यांना त्या यादीत एकच पंगत होती. मुंबईतून सुरू झालेला ‘इंडलिनक्स’, पुण्यातील रेड हॅटच्या कचेरीत जोपासलेले ‘लोहित’ टंक, अशा भारतीय उपक्रमांच्याही आपापल्या याद्या होत्या.

अनेक वर्षांनी मी हे संग्रह पुन्हा वाचायला घेतले ते इतिहासाची साधने म्हणून. मोडी कागद वाचण्याची सवय असलेल्याला येथे विलक्षण ओळखीचे वाटते. मराठेशाहीतील पत्र उघडा : आपले पत्र पावले, त्यात अमुक मजकूर लिहिला होता, असे सांगून आलेल्या पत्राचा गोषवारा आधी देतात आणि मगच उत्तराला हात घालतात. म्हणूनच मूळ पत्र गहाळ झाले तरी उत्तरावरून ते उभे करता येते. टपालयादीचा शिष्टाचार नेमका हाच. समोरच्याचे वाक्य बाणाच्या खुणेसह उद्धृत करायचे आणि त्याखाली आपले म्हणणे मांडायचे. सगळे उत्तर वर खरडून जुने पत्र शेपटीसारखे खाली लोंबत ठेवणाऱ्यास जुने जाणते सदस्य कडक शब्दांत समज देत. त्यांची शिस्त त्या वेळी जाचक वाटे. आज संशोधक म्हणून तिचे मोल कळते.

बारनिशीत आलेल्या-गेलेल्या पत्राची नोंद होई, तसा प्रत्येक ईमेलला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि उत्तराच्या शिरोभागात मूळ पत्राचा क्रमांक दिलेला असतो. तारखेच्या बाबतीत तर आपण भाग्यवानच. ‘छ’ लिहून नुसता चंद्र आणि महिना देणाऱ्या, वर्ष गाळणाऱ्या पत्रांनी इतिहासकारांच्या किती रात्री खाल्ल्या आहेत! येथे सेकंदापर्यंतची वेळ आहे, शिवाय ती कोणत्या देशाची तेही आहे. ‘+०५३०’ ही खूण दिसली की पत्र बहुधा भारतीय यंत्रावरून निघाले, असे समजावे. लिपीच्या इतिहासातील भारतीय हात शोधायला यासारखी सोपी खूण दुसरी नाही.

पत्रांचा स्वभावही पाहण्यासारखा आहे. आमच्या भाषेवर अन्याय होतो, ही तक्रार खरी असली तरी तिच्याने प्रोग्रॅम बदलत नाही. ज्या पत्रात एक शब्द असतो, तो कोणत्या चिन्हांनी बनला त्याची यादी असते, टंकाचे नाव व आवृत्ती असते, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते याची चित्रे असतात, त्या पत्राला सहसा उत्तर येते. समोरच्या माणसाला मराठीचा गंध नाही, तरी दोन चित्रांतील फरक त्याला दिसतो. मोठमोठ्या निवेदनांपेक्षा असली चार ओळींची कोरडी पत्रे मला अधिक देशभक्त वाटतात.

या साऱ्या वेगवेगळ्या व्यवस्थांना एका छताखाली आणले ते ‘हार्फबझ’ने. नाव फारसी, ‘ओपनटाइप’चा शब्दशः अनुवाद. इराणी-कॅनेडियन बेहदाद एसफाहबोद हा तिचा मुख्य शिल्पकार आणि मोझिलाचे जोनाथन क्यू हे महत्त्वाचे सहकारी. २०१२ च्या सुमारास बेहदादने भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला. विकिपीडियावरून गोळा केलेले शब्द घ्यायचे, तेच युनिस्क्राइबकडूनही घडवून घ्यायचे आणि दोहोंचा ताळा पाहायचा, अशी त्याची रीत होती. देवनागरीचे असे सात लाखांहून अधिक शब्द होते. दुरुस्ती करताना किती शब्द जुळले, किती चुकले, हे तो दुरुस्तीच्या टिपणातच आकड्यांनी लिही. मात्र कसोटीचा दगड युनिस्क्राइब असल्याने तिच्या काही खोडीही इमानाने उतरवून घ्याव्या लागल्या. बखरींच्या नकलाकारांनी केले तेच हे. मूळ प्रतीतील चूक सोडली तर पुढच्या प्रतीशी मेळ बसत नाही.

ही लायब्ररी फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांच्या पोटात गेली. लिबरऑफिसने फेब्रुवारी २०१७ मधील ५.३ आवृत्तीपासून तिला सर्व प्रणालींवर स्वीकारले. एका ठिकाणी झालेली दुरुस्ती कोट्यवधी पडद्यांवर उमटू लागली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा प्रश्न मात्र टंकांकडे राहिला. मजकूर मराठी आहे अशी खूण मिळाली तर टंक मराठी वळण देतो, न मिळाली तर हिंदी. ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरवली, तरी पुष्कळ पडद्यांवर ‘कोल्हापूर’ या नावातला ‘ल’ अजूनही हिंदी वळणाचाच दिसतो.

मोडीची कथा याच वाटेने गेली. अंशुमन पांडे यांचा प्रस्ताव २०११ चा, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, जून २०१४ मध्ये, मोडीला जागा मिळाली. पुढच्याच वर्षी हार्फबझमध्ये अनेक लिप्यांना एकत्र सांभाळणारी नवी यंत्रणा आली आणि मोडीचीही सोय झाली. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे जे मोडी दफ्तर आहे, त्यातील अक्षरे टंकलिखित करून शोधता येणे आता निदान तत्त्वतः शक्य आहे.

आणि ज्या पत्रांनी हे घडवले ती पत्रे? हार्फबझचा जुना पत्रव्यवहार फ्रीडेस्कटॉपच्या संग्रहात आहे. पण त्या काळातील कित्येक भारतीय मंडळे याहू ग्रुप्सवर भरत असत. याहूने ऑक्टोबर २०१९ मध्ये साठवलेला मजकूर पुसण्याची घोषणा केली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच बंद झाली. ज्यांनी वेळीच प्रती काढल्या त्यांचे वाचले. रुमालात बांधलेला कागद वाळवीच्या तावडीतून शंभर वर्षे तग धरतो. ही पत्रे वीस वर्षेही पुरली नाहीत. तुमच्या किंवा तुमच्या मामा-काकांच्या जुन्या संगणकावर एखाद्या मराठी गटाची पत्रे उरली असतील, तर ती साध्या मजकुराच्या फाइलीत काढून ठेवा. ओळखक्रमांक आणि तारखा असलेला शिरोभाग मात्र कापू नका.

तोवर संशोधनात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट करून पाहा. जुन्या मराठी संकेतस्थळांवर किंवा युनिकोडमधील पुस्तकांत ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘बिऱ्हाड’ असले शब्द शोधताना तीन वेळा शोधा : ‘ऱ’ने लिहून, अदृश्य जोडचिन्हाने लिहून, आणि शेवटी साध्या रफाराने. सह्याद्रीच्या पुष्कळ दऱ्या अजून दर्यात बुडालेल्या आहेत.