तीस पावलांची बंदूक

काकांचं तेरावं उरकलं आणि धाकट्या चुलतभावाने फडताळामागून बंदुकीची गवसणी बाहेर काढली. परवानाधारक गेला, तेव्हा बंदूक आधी ठाण्यात जमा करायची. वारसाने ती नावावर करून घ्यायची की कायमची सोडून द्यायची ते नंतर, असं तो सांगत होता. गवसणीचे बंद सुटले आणि जवसाचं तेल, गंज आणि फार पूर्वी जळलेली दारू यांचा मिळून एक वास माजघरभर पसरला. पुढे तो काय बोलला ते मी ऐकलंच नाही. मी कोल्हापूरच्या दुकानात जाऊन पोचले होते.

आबा ही बंदूक घ्यायला गेले तेव्हा नातवंडांपैकी मलाच का घेऊन गेले, कोण जाणे. 1960 नंतरची ती वर्षं. भुदरगडातलं आमचं शिवार जंगलाला लागून. रात्री सांबरं आणि डुकरं भातात उतरायची. शिकारीचा परवाना तेव्हा मिळत असे. दुकानदाराने आधी एक नवी कोरी दुनळी काढली. आबांनी ती हातात घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला आणि मग डोळे उघडले. नळीच्या टोकावरची माशी घड्याळाच्या पार खाली गेली होती.

"ही माझी न्हाई."

"पाटील, माल भारी आहे."

"असंल. पर काळोख पडताना नेम धरायला सवड कुणाला असती?"

शेवटी आतून बर्मिंगहॅमची एक जुनी बंदूक आली. दस्त्याला ओरखडे, नळ्यांचा रंग उडालेला. ती मात्र मिटल्या डोळ्यांनी वर गेली ती घड्याळाच्या मधोमध थांबली. तरी आबांची खात्री होईना. त्यांनी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या आणि दाराच्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. चांगल्या नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक दिसत जातात. कुठे पोचा असेल तर तिथे वर्तुळ मोडतं. मग खालच्या आकड्यात बोट घालून नळ्या लोंबत्या धरल्या, नखाने टिचकी मारली आणि मला म्हणाले, "ऐक गं पोरी. तुझं कान तिखट हायती."

आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत गेला. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कुठे डाकातून सुटली असेल तर तोच आवाज बद्द येतो, हे त्यांनी मला नंतर एसटीत सांगितलं. तेव्हा मी फक्त "वाजतंय" म्हणाले आणि त्यांनी तेवढ्यावर मान डोलावली. एवढ्या मोठ्या माणसाने एवढी महाग वस्तू घेताना माझ्या कानावर विश्वास ठेवला, हे मी आयुष्यात अनेकदा काढून पाहिलेलं आहे.

मग त्यांनी शिशाची सुटी गोळी मागून घेतली. उजव्या नळीत मागून सोडली, पुढून तळहातावर झेलली. डाव्या नळीत ती तोंडाशी अडली, गजाने ढकलून काढावी लागली. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. आवळ जास्त असेल तर छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात, पण अख्खी गोळी त्यातून घालणं धोक्याचं. "म्हंजे गोळी उजवीकडनं, छर्रं डावीकडनं," आबा म्हणाले आणि पैसे मोजायला बसले.

बारा बोर म्हणजे काय, हे मी पुढे पुस्तकांतून शिकले. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या ओतल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर; व्यास साधारण 18.5 मिलिमीटर. आबांना पडलेला पेच साहेबालाही पडला होता, हेही वाचलं. इथल्या जंगलात चालताना पुढ्यात तितर उडेल की सांबर उठेल याचा नेम नाही. मग एकच बंदूक दोन्हीला चालावी कशी? जॉर्ज फॉसबेरी हा हिंदुस्थानच्या फौजेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी. त्याने 1885 साली त्यावर पेटंट घेतलं: नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी शेवटच्या काही इंचांत आटे. छर्रेही जात आणि गोळीही गरगरत सरळ जाई. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती 'पॅरॅडॉक्स' नावाने विकली. आबांच्या हाती अशी बंदूक येणं शक्यच नव्हतं, पण आली असती तरी त्यांनी ती ठेवून घेतली असती असं मला वाटत नाही. त्यांना लांबचं नकोच होतं. त्या दुकानात रायफलही होती. दोनशे यार्डांवरून सांबर पाडाल, असं दुकानदार म्हणाला, तेव्हा आबांनी विचारलं, "दोनशेवरनं ती गाभण हाय का न्हाई, कसं दिसायचं?"

सांबरासाठी ते एलजीचं काडतूस घालत. त्यात छर्रे बोटांवर मोजण्याइतकेच, एकेक सुमारे 9 मिलिमीटरचा. गोल छर्र्याचा वेग हवेत झपाट्याने मरतो; त्यात ते मोजके, म्हणून पांगले की एखाददुसराच लागतो. जनावर पडत नाही, जखम घेऊन जातं. आबांची हद्द तीस पावलांची होती. तीस पावलांत सांबर आलं नाही तर घोडा उतरवून घरी यायचं. ही हद्द त्यांनी रानात, जनावर समोर असताना घातलेली नव्हती. ती दुकानातच, बंदूक घेतानाच घातली होती. रानात माणसाचं मन फिरतं, हात शिवशिवतो. आपण किती जवळ जाणार हे त्याआधी, शांत डोक्याने ठरवून ठेवावं लागतं. चांगली बंदूक निवडण्याचा माझ्या लेखी हाच अर्थ आहे.

माझा राग आहे तो जीपवाल्यांवर, आणि वयाबरोबर तो तसूभरही कमी झालेला नाही. महायुद्ध संपलं, फौजेच्या जीपा विक्रीला निघाल्या आणि शहरातल्या हौशी मंडळींना जंगलाचे रस्ते मोकळे झाले. सर्चलाइट टाकला की सांबर थबकतं, उजेडाकडे बघत राहतं. गाडीतूनच बार काढायचा. पडलं तर उचलायचं, नाही तर पुढे निघायचं. मागे काय राहिलं हे बघायला खाली कोण उतरतो?

एका सकाळी आबांना ओढ्याकाठी रक्त दिसलं. रात्री जीप येऊन गेल्याचं गावाला ठाऊक होतं. आबांनी एक गडी बरोबर घेतला आणि दिवसभर माग काढला. सांबरी होती, पोटात छर्रे घेऊन डोहात बसलेली. आबांनी तिला अगदी जवळून सोडवलं. मटण घरी आणलं नाही. रात्री उंबऱ्याशी बसून त्यांनी तिच्या पोटातून काढलेला एक छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने अजून गोल, आणि एवढ्याशा दाण्याला न शोभेल इतका जड. "ज्यानं मारला त्यानं बघायला पायजे हुता ह्यो," म्हणाले. मूठ मिटायला सांगितली नाही, तरी मी ती मिटून घेतली.

जंगल रिकामं व्हायला फार वर्षं लागली नाहीत. शेजारच्या दाजीपूरला 1958 मध्येच गव्यांसाठी अभयारण्य झालं होतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही शिकारीचा परवाना पुरता बंद केला नव्हता. ती वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. मला त्याचा आनंदच झाला. आबा तर फार आधी थांबले होते. काकांनी पुढे ती बंदूक राखणीपुरती, हवेत बार काढायला ठेवली. अलीकडे सागरेश्वर अभयारण्यातली चितळं गाड्यांतून नेऊन चांदोलीच्या जंगलात सोडली, वाघाला भक्ष्य मिळावं म्हणून, ही बातमी वाचली आणि मला भरून आलं. ज्या सह्याद्रीतून गाड्यांनी हरणं नेली, त्याच सह्याद्रीत आता गाड्या हरणं आणून सोडतायत.

पण तेराव्याला गेले तेव्हा गावात चर्चा वेगळीच होती. पलीकडच्या वाडीत कुणी तरी उसाभोवती उघडी तार ओढून तिच्यात घरची वीज सोडली होती. डुकरासाठी लावली आणि गवा मेला. अशा तारांना चिकटून माणसंही गेली आहेत. दोनशे यार्डांवरून मारणारा निदान बघत तरी असतो. तार लावणारा घरी झोपलेला असतो. तरीही त्याच्यावर मला जीपवाल्यांसारखं रागावता येत नाही. त्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत आडवं होतं. मग पंचनामा, मग भरपाईची वाट. ती भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली तर उद्या निम्म्या तारा निघतील, असं मी मनापासून मानते.

चुलतभाऊ सौर कुंपण घ्यायच्या मागे आहे. त्या कुंपणाचा ठोका क्षणभराचा, थांबून थांबून येणारा. जनावर बिचकून मागे फिरतं, मरत नाही. गारगोटीला तो यंत्र बघायला गेला, तेव्हा त्याने दुकानदाराला तार जोडायला लावली आणि आधी स्वतः हात लावला.

"कसा लागतो रे?"

"कोपरापातूर झिणझिण्या गेल्या, ताई. पर हात आपसूक मागं येतो."

आणखी एका ठिकाणी स्वस्तातलं होतं. तिथल्या माणसाने हात लावू दिला नाही, म्हणून याने ते घेतलं नाही. बंदूक नावावर करून घेऊ नकोस, असं मी त्याला सांगितलं. आबांकडून घ्यायचं ते तू कधीच घेतलेलं आहेस, असंही सांगितलं. कुंपणाचे निम्मे पैसे मी देणार म्हटल्यावर मात्र तो ऐकेना, आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं.