पेटीतला वेताळ आणि परिग्रहाचा हिशोब



२०२० सालच्या टाळेबंदीत घरात काय काय केलंत असं विचारलं, तर बहुतेकींकडून पापड, कुरडया आणि कपाटं असं उत्तर येईल. आमच्याकडे कॉमिक्स निघाली. माळ्यावरच्या दोन लोखंडी पेट्या आणि एक पोतं. एक पेटी ह्यांची, दुसरी मुलाची. पोत्यात दोघांचं उरलंसुरलं.

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्या दिवसापासून आमचं कापडाचं दुकान बंद. कापडवाल्याला पाडवा ते अक्षय तृतीया म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना सांगायला नको. महावीर जयंती ६ एप्रिलला घरातच झाली, ना मिरवणूक, ना पाळणा. पुढे मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान पॉझिटिव्ह निघाले आणि हिंगोलीत सगळेच धास्तावले. हे सकाळी सामायिक करत, मग अंगणात येरझाऱ्या. शेवटी मीच म्हटलं, त्या पेट्या तरी खाली काढा.

पहिला प्रश्न कसरीचा. पान उलटलं की चंदेरी किडा सुळकन पळे. डांबरगोळ्या मी घरात ठेवत नाही, त्यामागचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. उन्हात पसरावं तर एप्रिलचं मराठवाड्याचं ऊन, जीव तिथंच जायचा आणि कागदाचाही पापड. म्हणून ओसरीत सावलीला जुनं धोतर अंथरलं आणि एकेक अंक मऊ सुती फडक्यानं हलक्या हातानं झटकला. किडे आपापले निघून गेले. पेट्या पुसून तळाशी वाळलेला कडुलिंब आणि वेखंड घातलं. गंजलेल्या पिना काढून दोऱ्यानं टाके घातले. या कामाला सव्वा महिना लागला. घाई कुणाला होती?

बी. कॉम. केलेलं कुठं तरी उपयोगी पडावं म्हणून मी लांब रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले: मालिका, अंक, भाषा, स्थिती, शेरा. ह्यांच्या पेटीत मुख्यतः इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली ती सुरू केली, सुरुवातीला किंमत ६० पैसे. हे तेव्हा अकरा वर्षांचे. सासऱ्यांबरोबर माल आणायला जाताना पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायची, तिथल्या स्टॉलवर एक अंक मिळे. वेताळ, मँड्रेक आणि नंतर, १९७६ पासून, आबिद सुरतींचा बहादूर. मुलाच्या पेटीत इंग्रजी अमर चित्र कथा आणि टिंकल.

अमर चित्र कथेनं माझी फार फिरकी घेतली. 'कृष्ण' हा पहिला म्हणावा तर त्यावर क्रमांक ११. आधीचे दहा हरवले म्हणून आम्ही पोतं पुन्हा उपसलं. मग मुलानं पुण्याहून फोनवर उलगडा केला: पहिले दहा परदेशी परीकथांचे होते, आपल्या गोष्टींची मालिका अकरापासूनच चालू झाली. तोच 'कृष्ण' पोत्यात आणखी एक सापडला, त्यावर ५०१. नंतरच्या छपाईत क्रमांक नव्यानं दिले. माल एक आणि नंबर दोन! ऑडिटर असता तर रागावला असता. हे सगळं उभारणारे अनंत पै इंद्रजालच्या सुरुवातीलाही होते, म्हणजे आमच्या दोन्ही पेट्यांचं मूळ एकाच माणसाशी जातं.

पोत्याच्या तळाशी जैन चित्रकथा होत्या, आग्र्याच्या दिवाकर प्रकाशनाच्या. पर्युषणात मुलांना वाटलेल्या. काही पार फाटलेल्या. पण ज्यावर तीर्थंकरांचं चित्र आणि णमोकार मंत्र आहे, तो कागद रद्दीत घालायचा आणि उद्या त्यात भजी बांधून यायची? डिंकानं जमतील तेवढ्या जोडल्या, आणि मंदिर उघडल्यावर ग्रंथालयात दिल्या. रजिस्टरमध्ये त्यांच्यासमोर लाल शाईनं 'मंदिर' असा शेरा आहे.

खरी अडचण पुढे आली. दुकानात दोन मुलं कामाला. एप्रिलचा पगार गल्ल्यातून दिला, मेचा घरातून. जूनचं काय? मुलानं रजिस्टरचे फोटो कुणा संग्राहकाला पाठवले होते. त्यानं इंद्रजालच्या मराठी अंकांना जो भाव सांगितला, त्यात दोघांचे दोन महिने निघत होते. ह्यांनी ऐकून घेतलं आणि जेवून उठले.

माझं परिग्रह परिमाण आहे. साड्या, दागिने, भांडी, सगळ्यांची मर्यादा लिहिलेली. कॉमिक्स कुठल्या सदरात बसवायची? ओढूनताणून कुप्य-भांडात बसतील. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह ठरवला तो त्या वस्तूवरच्या आसक्तीवरून, आणि ह्यांची आसक्ती मला पस्तीस वर्षं दिसत होती. मी काही बोलले नाही. पेटी त्यांची, पगारही त्यांनीच द्यायचा.

आठ दिवसांनी म्हणाले, "बांध सगळं, नऊ अंक सोडून." कुठले नऊ, हे ठरवायला आणखी दोन दिवस गेले. कुरिअर सुरू झाल्यावर खोकं पुण्याला रवाना झालं. पगार झाले. त्या संध्याकाळी ह्यांनी सूर्यास्तापूर्वी नुसतं ताक घेतलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ह्यांना ताप आला. चाचणी पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत विलगीकरण. रात्रीचा त्याग असल्यानं डॉक्टरांना विचारून गोळ्या सकाळी आणि सूर्यास्ताआधी अशा बसवल्या. ऑक्सिमीटरवर ९४ दिसलं की माझे हातपाय गळत, ९६ दिसलं की कणीक मळायला सुचे. मोबाईलवर रोज कुणाच्या तरी जाण्याचा मेसेज. चौथ्या दिवशी मोबाईल त्यांनी स्वतःच दाराबाहेर ठेवला आणि आतून म्हणाले, "ते नऊ दे."

ताटाबरोबर दारात ठेवले. दुपारी खोलीतून पानांचा आवाज येई, मध्येच खोकला, मग पुन्हा पान. पान उलटेना झालं की मी दारावर टकटक करी. ते "हं" म्हणत.

सतरा दिवसांनी बाहेर आले, सात किलो उतरलेले. अंक अजून त्या खोलीच्या खिडकीत आहेत, एकावर एक, वर वहीचा पुठ्ठा. रजिस्टरमध्ये त्यांच्यासमोरचा शेऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला आहे. कसर लागू नये म्हणून परवा वेखंड बदललं.