चालतंय

फ्रेंच माणसाला बेत पसंत पडला की तो म्हणतो, 'सा मार्श.' म्हणजे, चालतं. सहा वाजता भेटू? सा मार्श. खिडकीजवळच्या टेबलावर दोन कॉफी? सा मार्श, म्हणत वेटर आत वळतो. शहरातल्या संध्याकाळच्या शिकवणीत बाईंनी हे फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि सगळ्यांकडून घोकून घेतलं. माझं लक्ष तोवर गावाकडं गेलेलं. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या माणसाला हे वेगळं काय शिकवायचं? 'ट्रॅक्टर परवा देतो.' 'चालतंय.' 'पैशे कापूस गेल्यावर.' 'चालतंय की.' दिवसभर आमच्याकडं हेच तर चालू असतं.

पुस्तकं पहिल्या धड्यात 'वी' शिकवतात. हो म्हणजे वी. ते बरोबरच आहे, पण रोजच्या बोलण्यात मित्रामित्रांत तो 'वी' सैल होऊन 'वे' होतो. शंका असेल तर ओठ मिटून 'म्वे' होतो, आपण 'हंऽऽ, बघ बाबा' म्हणतो तसा. बेत ठरला की 'दाकॉर', घाईत नुसतं 'दाक'. समोरच्यानं नेमकं बोट ठेवलं की 'व्वाला' किंवा 'से सा'. मुलाखतीला बसलेली मंडळी 'तू ता फे' म्हणतात, अगदी अगदी, आणि इतक्यांदा म्हणतात की त्यातलं 'अगदी' गळून जातं. आपल्याकडच्या चर्चांमधलं 'नक्कीच' ऐका, तीच गत. अँकरनं काहीही विचारावं, उत्तराची सुरुवात 'नक्कीच'.

'वे' ऐकल्यावर मला आमचा 'हाव' आठवला. शाळेत आम्ही 'हो' म्हणायचो, गुरुजींसमोर 'हो गुरुजी'. फाटकाबाहेर पडलो की 'हाव'. 'हाव ना.' 'हाव का?' 'हाव, बराबर हे.' पुण्याच्या माणसाला यात लोभ ऐकू येतो आणि तो दचकतो. त्याला कुणी सांगावं की उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, पलीकडे खानदेश, पूर्वेला बुलढाण्याचा वऱ्हाड अशा तिठ्यावरच्या तालुक्यात बोली जिल्ह्याची हद्द बघून थांबत नाही. जालना जिल्हाच मुळात १ मे १९८१ चा, त्याआधी आम्ही औरंगाबादचे. आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. कारभार उर्दूत, म्हणून करार 'कबूल', अर्ज 'मंजूर', माणूस 'राजी'. गल्लीतले दखनी बोलणारे शेजारी होकाराला 'हौ' म्हणतात आणि नकाराला 'नक्को'. तो नक्को तर सरळ आपल्या घरातून गेलेला. एका ओट्यावर हाव आणि हौ शेजारी बसतात आणि त्यांना दुभाषा लागत नाही.

होकारावरून मुलूख ओळखायची ही खोड फक्त आपली नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दान्ते या इटालियन कवीनं लोकभाषांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं शेजारशेजारच्या भाषा कशावरून वेगळ्या केल्या, तर त्यांच्या 'हो'वरून. दक्षिण फ्रान्सात 'ओक', उत्तरेत 'ओईल', इटलीत 'सी'. त्या ओकवरून दक्षिणेतल्या एका मोठ्या प्रांताला लांगदोक हे नाव पडलं आणि ओईल झिजत झिजत आजचा 'वी' झाला. हाच हिशेब आपल्याकडं लावला तर पुण्याचा 'हो', साताऱ्याकडचा 'व्हय', कोकणातला 'होय', गोव्यातला 'हय' आणि आमचा 'हाव', असा नकाशा निघेल. तलाठ्याच्या नकाशापेक्षा तो खरा असेल, असं माझं आपलं मत.

फ्रेंचांपाशी आणखी एक छोटं हत्यार आहे, त्याचा मला हेवा वाटला होता. प्रश्न नकारी असेल आणि उत्तर होकारी, तर 'वी' चालत नाही. तिथं 'सी' लागतो. तू येणार नाहीस ना? सी. म्हणजे येणारच. बाईंनी सांगितलं, इंग्रजीत यासाठी वेगळा शब्द नाही. वर्ग खूश झाला. मराठीत आहे का, हे कुणी विचारलं नाही. आहे ना. 'तू काय लग्नाला येत नाहीस.' 'येतो की!' एवढासा 'की', पण समोरच्याचा नकार तो मुळापासून उपटतो. आणि आपल्याला पुष्कळदा होकाराला शब्दच लागत नाही. 'जेवला का?' 'जेवलो.' 'पाऊस झाला का तिकडं?' 'झाला.' क्रियापदच मान डोलावतं. फ्रेंच मात्र अशा जागी वी म्हटल्याशिवाय पुढं सरकत नाही. उलट, 'तू आला नाहीस?' याला आपण बिनदिक्कत 'हो, नाही आलो' म्हणतो. समोरच्याच्या बोलण्याला हो, घटनेला नाही. फ्रेंचमध्ये तिथं 'नों' म्हणावं लागतं. आपला होकार आधी माणसाला असतो, मग गोष्टीला.

हे मला व्याकरणातून कळलं असेल, पण शिकवलं आजीनं. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकलेल्या, वर चांदणं, आजी राजाची गोष्ट सांगायची. अट एकच, हुंकारा द्यायचा. 'एक होता राजा.' 'हं.' 'त्याला दोन राण्या.' 'हं.' हं थांबला की गोष्ट थांबली. 'झोपला का रं?' अंधारातून विचारणा. आम्ही भावंडं झोपेत जाता जाताही पाळीपाळीनं हुंकारे भरायचो, एकाचा सुटला की दुसऱ्यानं धरायचा. राजा लढाईत मेला तरी 'हं', राणीनं पोर नदीत सोडलं तरी 'हं'. त्या हुंकाऱ्यात संमती कुठली? सांगणाऱ्याला एवढंच कळायचं असतं की पलीकडं कुणी जागं आहे. शाहिराच्या मागं उभे राहून झीलकरी 'जी जी रं जी' करतात तेही याच घराण्यातलं. शाहीर लढाई सांगतोय, झीलकरी ती मान्य करत नाहीत, उचलून धरतात. फ्रेंच माणसं फोनवर 'वी… वी… वे… व्वाला' असं जे अखंड करत असतात, त्याला पुस्तक होकार म्हणतं. मी त्याला हुंकारा म्हणेन.

पण सगळेच 'हाव' असे चांदण्यातले नसतात. गुढीपाडव्याला आमच्याकडं सालगडी ठरतो. ओसरीत मालक, समोर पायरीवर गडी, बाजूला मध्यस्थी करणारा एखादा म्हातारा. सालाचे पैसे किती, उचल किती, धान्य किती, कपडे किती. मालक आकडा बोलतो. गडी खाली बघत अंगठ्यानं पायरीवरची माती घासत राहतो. म्हातारा म्हणतो, 'बोल की बाबा.' बऱ्याच वेळानं तो म्हणतो, 'बरं मालक.' साल धरलं. त्या 'बरं'मध्ये मागच्या वर्षीची न फिटलेली उचल आहे, पोरीचं लग्न आहे, दुसरीकडं काम नसणं आहे. खुशी शोधायची तर फार खोल खणावं लागेल. घराघरांत सुनांनी म्हटलेल्या 'बरं'चंही कुणी कधी वजन केलेलं नाही.

ज्यांना नाही म्हणायची सोय आहे आणि तरी जे हो म्हणत फिरतात, त्यांच्यासाठी मात्र मराठीनं अजिबात दया दाखवलेली नाही. होयबा. हांजी हांजी करणारा. री ओढणारा. नंदीबैल. दारोदार फिरणारा सजवलेला नंदी मालकाच्या गुबूगुबूवर मान हलवतो, पाऊस पडेल का, हाव, पोरगा पास होईल का, हाव. ग्रामसभेत असे दोन पायांचे नंदी पुष्कळ. ठरावाला सूचक अमुक, अनुमोदक तमुक, 'सर्वानुमते मंजूर'. सर्व म्हणजे कोण, तर पुढच्या सतरंजीवरचे. मागं भिंतीला टेकलेल्यांनी तोंड उघडलेलं नसतं, पण गप्प बसणं कागदावर होकार म्हणून उतरतं.

खरा पक्का होकार आमच्या भागात बोलून होतच नाही. सोयरीक जमली की सुपारी फुटते, ती फुटल्यावर मागं फिरणं म्हणजे नाचक्की. बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालतो, बोटं धरली जातात, सुटतात, पुन्हा धरली जातात. चेहऱ्यावर काही नाही. बघणाऱ्याला वाटतं दोघं हवापाण्याचं बोलताहेत आणि तेवढ्यात बैलाचा कासरा या हातातून त्या हातात गेलेला असतो.

बाईंनी एकदा मोरिशसचं सांगितलं. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडं गेलेलं, पण लोकांच्या तोंडात फ्रेंचमधून निघालेली क्रिओल राहिली. आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, मराठी घरांत आरती होते, आणि प्रसाद घेतोस का म्हटलं तर पोरगं म्हणतं 'वी'. आरती टिकली, होकार बदलला. मला हे आधी वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं. आरती वर्षातून दहा दिवस लागते, होकार दिवसातून शंभरदा लागतो. तो ज्यांच्यात राहायचं त्यांच्याच भाषेत द्यावा लागतो.

म्हणून फ्रेंच शिकणाऱ्या आमच्याकडच्या पोरापोरींना माझं सांगणं एवढंच, 'वी' पाठ करण्यात वेळ घालवू नका, तो येतोच. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना 'वे', 'व्वाला', 'से सा' कुठं टाकायचे ते कान देऊन ऐका. आजीजवळ झोपलेल्यांना ते लवकर जमतं. आणि बाहेरून कुणी हसनाबादकडं कामानिमित्त येणार असेल, तर त्यांच्यासाठीही: आमच्या माणसानं 'हाव' म्हटलं तर काम होईल. 'चालतंय की' म्हटलं तर लवकर होईल. 'बघू' म्हटलं तर चहा प्या आणि दुसरा माणूस शोधा.