खर्जाचा खोका

तबलजी भजनापूर्वी हातोडी घेऊन तबला गायकाच्या स्वराशी जुळवून घेतो, याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु घरोघरी आलेला सबवूफरचा लाकडी खोकाही असाच लावावा लागतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्या लामत्यातील काही तरुणांनी तो स्वहस्ते बांधावयास घेतला, तेव्हा ही विद्या मीही त्यांच्यासमवेत शिकलो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालता जो घुमारा उठतो, तेच या खोक्याचे मर्म होय. आतील हवा दबते व उसळते, आणि तिच्या जोरावर नळीतील हवा झुलते. नळी लांब केली किंवा खोका मोठा केला की स्वर खाली उतरतो. नळी रुंद केली की वर चढतो. अल्बर्ट थुरास यांना अशा रचनेचे पेटंट अमेरिकेत १९३२ साली मिळाले. ५० लिटरच्या खोक्यास १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ३१ सेंटिमीटर लांब बसविली, तर तो सेकंदास ३५ कंपनांवर लागतो; १६ सेंटिमीटर ठेवली, तर ४५ वर.

यांतील कोणता स्वर निवडावा, हे आपल्या आवडीच्या गाण्यास विचारावे. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची. तिला ३५ चा खोका मोकळेपणाने बोलू देतो. ४५ चा खोका ठोका जोराने देतो खरा, परंतु त्याखालील स्वरांवर वूफरचा पडदा निराधार हेलकावे खातो. पुरुषाचा कंठ तर सहसा ८० च्या खाली उतरत नाही. भजनात या खोक्याने ढोलकीस साथ द्यावी, इतकेच पुरे.

एका घरी यावरूनच बापलेकांत अबोला धरला गेला होता. मुलास ठोका प्रिय. वडिलांच्या भजनाचे शब्द मात्र त्या घुमाऱ्यात बुडून जात. आम्ही नळीत घट्ट बसेल असा स्पंजाचा बोळा कापला. नळी बुजली की घुमारा ओसरतो, खर्ज सौम्य व नेटका होतो. आता सायंकाळी वडील भजन लावू लागले की मुलगा न सांगता बोळा बसवितो. आणि त्याच्या गाण्यांच्या वेळी वडील स्वतःच तो काढून देतात.

ज्यांस खोका बांधावयाचा असेल, त्यांनी नळी प्रथम लांबच ठेवावी, घरच्या सर्वांना बसवून ओळखीची गाणी ऐकावीत आणि मगच थोडी थोडी कापावी. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही.