नळ गळतो, पण हात लावायचा नाही

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वाटेत धाड लागतं. तिकडचा माणूस न्यू जर्सीत एडिसनला स्थिरावला, ओक ट्री रोडवर भाजी घेऊ लागला, तरी त्याच्या लेखी गुंतवणूक म्हणजे जागाच. शेअरचे आकडे फोनवर बघायचे. जागेवर जाऊन उभं राहता येतं. म्हणून नोकरी बदलताना जुन्या 401के या नोकरीतल्या निवृत्ती खात्याचं काय करायचं, असा विषय गणपतीच्या पंगतीत निघाला की कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्यातून घर घेता येतं की!"

येतं खरं. 1974 च्या कायद्याने अमेरिकेत वैयक्तिक निवृत्ती खातं, म्हणजे आयआरए, सुरू झालं. त्यात विमा पॉलिसी, चित्रं, जुनी नाणी असल्या गोष्टींना मज्जाव आहे, घर-जमिनीला नाही. नेहमीच्या कंपन्या ही सोय सहसा देत नाहीत, म्हणून 'सेल्फ-डायरेक्टेड' खातं उघडून जुनी रक्कम तिकडे वळवायची. नव्याने भरता येणारी रक्कम 2025 साली वर्षाला 7 हजार डॉलर होती, पन्नाशीपासून 8 हजार. तेवढ्यात एडिसनमध्ये गॅरेजही मिळायचं नाही.

खरी मेख पुढे आहे. खरेदीखतावर नाव खातं सांभाळणाऱ्या कस्टोडियनचं. भाडं खात्यात जमा, छपराचा खर्च खात्यातून, मालमत्ता करही खात्यातूनच; आणि न्यू जर्सीत त्या कराची सरासरी वर्षाला 10 हजार डॉलरच्या आसपास आहे. खात्यातली रोकड संपली म्हणून स्वतःच्या खिशातून बिल भरायची सोय नाही. शनिवारी पाना घेऊन भाडेकरूचा गळका नळ आपणच बसवून टाकावा, तर तेही नियमात बसत नाही. तिथे स्वतः एक रात्र राहायचं नाही. बायको, आई-वडील, मुलं, नातवंडं, सून, जावई यांना बाजारभावाने भाड्यानेसुद्धा द्यायचं नाही.

भाऊ-बहीण मात्र या यादीत नाहीत. आपल्याकडे ज्या नात्यात बांधावरून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा पडतात, नेमकं तेच अमेरिकन कायद्याला निर्धोक वाटावं!

कर्ज काढायचं तर बँकेचा हक्क फक्त त्या घरावर; मालकाने जामीन राहायचं नाही. शिवाय कर्जाच्या हिश्श्यापुरत्या उत्पन्नावर वेगळा कर बसू शकतो. पतसंस्थेच्या कागदावर मित्रासाठी डोळे झाकून सही करणाऱ्या मुलखातल्या माणसाला जामीन न राहण्याची अट विशेष जड जाते. कोलोरॅडोतल्या दोघांनी 2001 मध्ये निवृत्ती खात्यांच्या पैशातून अग्निसुरक्षेची एक कंपनी घेतली आणि तिच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली. पुढे कंपनी चांगल्या नफ्यात विकली. 2013 मध्ये कर न्यायालयाने ती हमीच निषिद्ध व्यवहार ठरवली. करसवलत गेली आणि नफ्यावर कर बसला.

एवढ्या कटकटीपेक्षा त्याच खात्यातून धाडलाच जागा घेतली तर? इथे भारताचा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आडवा येतो. परदेशस्थ भारतीय स्वतःच्या नावाने घर किंवा बिगरशेती प्लॉट घेऊ शकतो. अमेरिकेतला कस्टोडियन नाही. शेतजमीन तर परदेशस्थ भारतीयाला स्वतःच्या नावानेही विकत घेता येत नाही. वारशाने सातबारावर नाव लागलं तर ठेवता येते, विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. तेव्हा वडिलांचं सोयाबीनचं रान आणि अमेरिकेतलं निवृत्ती खातं एका फाइलीत बसणार नाहीत.

हिशेबाने पाहिलं तर भाड्यासाठी एखादं घर घ्यायचं असेल, तर ते साध्या बचतीतून, स्वतःच्या नावावर घेतलेलं बरं. निदान घसाऱ्याची वजावट मिळते आणि नळही आपला आपण बसवता येतो. पारंपरिक आयआरएत तर उतारवयात आणखी एक पेच असतो. 73 व्या वर्षापासून, आणि 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना 75 व्या वर्षापासून, दरवर्षी ठरावीक रक्कम बाहेर काढावीच लागते. म्युच्युअल फंडाची चार युनिटं विकता येतात. घराचं स्वयंपाकघर तेवढं काढून विकता येत नाही. मग दरवर्षी किंमत ठरवून घराचा छोटा हिस्सा स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, भाड्याची रोकड आधीपासून राखायची, नाहीतर वेळेत घर विकायचं.