खोडायची कळ

पाहुणा आला की माझं यंत्र त्याला आधी नाव विचारत नाही. ते म्हणतं, खोडायची कळ दाबा.

कारण अगदी कोरडं आहे. माझा बोर्ड चालतो कमोडोर 64 वर, आणि कमोडोरची अक्षरं मोजायची रीत उरलेल्या जगाहून वेगळी. तिला पेट्सकी म्हणतात. बाकीच्या यंत्रांनी लहान लिपीत लिहिलेलं तिथे मोठ्या लिपीत उमटतं आणि मोठं लहान होतं. त्यामुळे पलीकडे कुठलं यंत्र बसलंय हे कळेपर्यंत उत्तर कुठल्या वळणाने द्यायचं ते ठरत नाही. कमोडोरची डिलीटची कळ 20 हा आकडा पाठवते, इतरांची बॅकस्पेस बहुतेक वेळा 8. आलेला आकडा पाहून यंत्र पाहुण्याचं कूळ ओळखतं. आपल्याकडे गाव विचारतात, आडनाव विचारतात, मग ‘म्हणजे नेमके कुठले?’ असं विचारतात. इथे माणूस खोडतो कसा, तेवढं पुरतं.

शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात आमच्या बेसमेंटमध्ये हा संसार मांडलेला आहे. कमोडोर मिळाला शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये, चाळीस डॉलरला. सोबत 1541 ड्राइव्ह, म्हणजे पावाच्या पेटीएवढा, वजनाने विटांशी स्पर्धा करणारा आणि तासाभरात इतका तापणारा की हिवाळ्यात मांजर त्याच्यावरच झोपतं. 1982 साली बाजारात आलेलं हे यंत्र. 64 किलोबाइट स्मृती आणि जेमतेम एक मेगाहर्ट्‌झचा वेग. त्यावर जुन्या पद्धतीचा बुलेटिन बोर्ड, आमच्या भाषेत बीबीएस. कुणीतरी दुरून जोडला जातो, आधीच्यांच्या चिठ्ठ्या वाचतो, वाटलं तर स्वतःची ठेवतो आणि निघून जातो. बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणतात. दिवसा मी विम्याच्या कंपनीत नोकरी करतो, पण कुणी विचारलंच तर सिसॉप म्हणवून घ्यायला मला जास्त आवडतं. कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

शिकागोत राहून हे करण्यात एक छोटासा गर्व आहे. असला पहिला बोर्ड याच शहरात निघाला. 1978च्या जानेवारीत इथे बर्फाने सगळं ठप्प केलं होतं. वॉर्ड ख्रिस्तेन्सेन आयबीएममध्ये कामाला, त्यांचा मित्र रँडी सूस सोल्डरिंगचा बहाद्दर, आणि दोघेही एकाच हौशी कॉम्प्युटर क्लबचे सभासद. क्लबात चिठ्ठ्या लावायचा एक फळा होता. अमक्या बैठकीला गाडीत जागा आहे का, असल्या चिठ्ठ्यांचा. तो फळाच टेलिफोनच्या तारेवर टांगावा असं ठरलं. ख्रिस्तेन्सेननी प्रोग्राम लिहिला, सूसनी यंत्र जुळवलं. काम दोन आठवड्यांतच झालं होतं म्हणे, पण कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून महिना सांगितला आणि 16 फेब्रुवारी 1978 ही जन्मतारीख ठरली. यंत्र ठेवलं सूसच्या घरी, कारण शहरातल्या लोकांना तिथे लोकल कॉल लागे. फोन एकच, लाईन एकच, म्हणजे एका वेळी माणूसही एकच. पुढे तो बोर्ड बंद होईपर्यंत अडीच लाखांहून जास्त फोन त्याने घेतले, आणि ते सगळे एकामागून एक.

या ‘एकामागून एक’ला मी भुललोय.

एकच खुर्ची असलेलं घर डोळ्यांपुढे आणा. एकजण बसलाय तोवर दुसऱ्याला एंगेज टोन. तो उठला की पुढचा येतो, तेव्हा खुर्ची अजून कोमट असते. पाहुण्यांची आपसात कधी गाठ पडत नाही, तरी वर्षभरात प्रत्येकाला दुसऱ्याच्या सवयी पाठ होतात. गर्दी नाही, एकमेकांच्या वरताण ओरडणं नाही. भांडणं झाली, नाही असं नाही. पण भांडायला सुद्धा रांगेत उभं राहावं लागे, आणि आपली पाळी येईपर्यंत निम्मा राग उतरलेला असे. (सगळ्यांचा नाही. काही लोक राग बाटलीत भरून आणतात.)

आता आमच्याकडे तांब्याची टेलिफोन लाईन नाही. जे घरगुती फोन उरलेत त्यांचा आवाज इंटरनेटवरून दाबून जातो आणि त्यात मोडेमची शीळ धड टिकत नाही. म्हणून कमोडोरच्या पाठीला मी वायफायचा मोडेम लावलाय, नखाएवढ्या ईएसपी 8266 चिपचा. कुणी इंटरनेटवरून दार ठोठावलं की तो कमोडोरला ‘रिंग’ असा शब्द पाठवतो आणि बिचाऱ्याला वाटतं खरंच फोन वाजला. या चिपचा वेग ऐंशी मेगाहर्ट्‌झ. म्हणजे दारावरचा पहारेकरी घरमालकाच्या ऐंशीपट चपळ, पण मालकापुढे म्हातारपणाचं सोंग घेऊन हळूहळू बोलतो. खुर्च्या वाढवणं आता काही अवघड नाही. मी वाढवत नाही. दुसरा आला तर त्याला आजही ‘बिझी’ असंच उत्तर जातं.

रविवारी मी वेग 300 वर उतरवतो. सुरुवातीच्या काळातला तो घरगुती वेग. 1982च्या सुमाराला कमोडोरचा जो स्वस्त मोडेम निघाला तो याच वेगाचा. त्यात नंबर फोनवरच फिरवायचा, पलीकडून शीळ ऐकू आली की रिसीव्हरची वायर उपटून मोडेममध्ये खुपसायची. 300 म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. कमोडोरच्या पडद्यावर चाळीस अक्षरांच्या पंचवीस ओळी, म्हणजे पडदा भरायला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. मजकूर डोळ्यांपुढे लिहिला जात असल्यासारखा येतो आणि आपण त्याच्याबरोबर चालत वाचतो, पुढे धावायची सोयच नाही. वाक्याचं क्रियापद दिसेपर्यंत थांबावं लागतं. मराठी माणसाला याचं काय एवढं? आपलं क्रियापद शेवटीच येतं.

पण मला मुळात सांगायचंय ते खोडण्याबद्दल.

पाहुण्याने कळ दाबली की ते अक्षर त्याच्या पडद्यावर आपोआप उमटत नाही. ते आधी तारेवरून माझ्या घरी येतं, माझं यंत्र ते वाचतं, माझ्या पडद्यावर काढतं आणि उलट धाडतं. तेव्हा कुठे ते त्याला दिसतं. स्वतःचं अक्षर त्याला माझ्या घरून परत आलेलं दिसतं. खोडण्याचंही तसंच. ‘वीस’ हा आकडा येतो, माझं यंत्र आधी इथलं अक्षर पुसतं, मग तिथलं पुसायला सांगतं. माझ्या बेसमेंटमधून गेल्याशिवाय त्याला काहीही खोडता येत नाही.

त्यामुळे सिसॉपला सगळं दिसतं. पाहुणा ‘प्रिय’ लिहितो आणि पुसतो. एका शब्दाचं स्पेलिंग तीनदा बदलतो. रागाचं वाक्य पूर्ण करतो, कर्सर बराच वेळ लुकलुकत राहतो, मग शेपटाकडून एकेक अक्षर गिळत वाक्य मागे जातं. डिस्कवर यातलं काही उतरत नाही. तिथे जातो फक्त शेवटचा मजकूर, पारोशा तोंडावर पाणी मारून बाहेर आलेला. आता फोनवर कुणी लिहीत असलं की तीन ठिपके नाचतात. त्या ठिपक्यांच्या आड काय चाललंय ते ठिपकेच जाणोत.

हे चोरून पाहणं आहे का? आहे. दारावरच्या पाटीत मी तसं लिहून ठेवलंय, की सिसॉप जागा असला तर त्याला दिसतं. शिवाय एक रीत पाळतो. पाहुण्याने घंटी वाजवून हाक मारली तरच बोलायचं, एरवी तो लिहीत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. त्याने काय खोडलं त्याबद्दल तर कधीच नाही.

आणि सिसॉपलाही खुर्ची एकच. पाहुणा बसलेला असताना मला माझ्याच बोर्डावर चिठ्ठी लिहिता येत नाही.

ख्रिस्तेन्सेननी बोर्डाच्या आदल्या वर्षी, 1977 साली, आणखी एक गोष्ट केली होती, एक्समोडेम. खडखडणाऱ्या फोन लाईनवरून फाईल धड पोचावी म्हणून. ती 128 बाइटच्या तुकड्यांत कापायची, प्रत्येक तुकड्यामागे त्याची बेरीज जोडायची. पलीकडचा बेरीज करून पाहतो. जुळली तर ‘पोचलं’ म्हणतो, नाही तर तोच तुकडा पुन्हा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला आजोबांची कार्डं आठवली. ‘पत्र पोचले, मजकूर कळला’ यावाचून त्यांचं एकही उत्तर सुरू झालं नाही. आम्ही नातवंडं त्याला हसायचो. तो शिष्टाचार नव्हता, पोचपावती होती. एवढं कळायला मला अमेरिकन प्रोग्राम वाचावा लागला.

ही पोरं इथे फोनला यंत्रं टांगत होती तेव्हा सांगलीला आमच्या घरी फोनच नव्हता. नंबर लावून ठेवलेला होता, तो लागला मी बारावी झाल्यावर. रात्री अकरा वाजता एसटीडीचे दर उतरले की पिवळ्या पाटीच्या बूथबाहेर रांग लागायची, आणि काचेआड बसलेल्याच्या तोंडाकडे सगळी रांग बघत असायची. इकडे तीच रात्र फिडोनेट वापरत होतं. 1984 साली टॉम जेनिंग्जनी सुरू केलेली ती व्यवस्था. ठरलेल्या रात्रीच्या तासाला बोर्ड एकमेकांना फोन करून टपाल हातोहात पुढे सरकवत. स्वस्त दराची वाट दोघंही बघत होते, एवढंच आमच्यातलं साम्य. पुढे आपल्याकडेही बोर्ड निघाले. बंगळूरला अतुल चिटणीसांनी सिक्स नावाचा चालवला. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, दरबारातला हुद्दा. आडनावाला इतकं जागलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही. 1995च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं आणि मग बोर्डांकडे कोण बघतो!

माझ्या अख्ख्या बोर्डाला जागा आहे 170 किलोबाइट, 1541च्या डिस्कची एक बाजू. 664 ब्लॉक. त्यात प्रोग्राम, पाहुण्यांची नावनिशी, सगळ्या चिठ्ठ्या. मी मोठी डिस्क जोडू शकतो, पण मग झाडायला कोण बसणार? महिन्यातून एकदा मी जुन्या चिठ्ठ्या वाचतो आणि काढतो. हवामानाच्या पहिल्या जातात. पाककृती राहतात. देवनागरीतलं काही नसतंच. आठ बाय आठ ठिपक्यांत अक्षर बसवलं तर वेलांटीला जागा उरत नाही, आणि मी खटपट करून बसवलं तरी ते फक्त माझ्या पडद्यावर दिसतं, कारण पाहुण्याच्या पडद्यावरची अक्षरं त्याचं यंत्र काढतं. पुण्याचा एक मित्र कधीमधी येतो आणि रोमन लिपीत ‘जेवलास का’ लिहून जातो. तेही मी अजून काढलेलं नाही.

गेल्या वर्षी आई आली होती, दिवाळीपर्यंत राहिली. तिने तीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली आहेत. जेवणानंतर बेसमेंटमध्ये खुर्ची ओढून बसायची, शाल पांघरून. “कोण आलंय?” असं विचारायची, वरच्या मजल्यावर कुणी आल्यासारखं. एका रात्री ओहायोचे एक गृहस्थ आले होते. वयस्कर असावेत. चिठ्ठ्यांवरून एवढंच माहीत की 1986च्या सुमाराला दोघं भाऊ मिळून असाच बोर्ड चालवायचे.

त्यांनी लिहायला घेतलं. माझ्या भावाला, एवढं आलं. थांबले. पुढे आणखी दीड ओळ आली, मग तीच एकेक अक्षर मागे जायला लागली, पार पहिल्या शब्दापर्यंत.

“पुसलं,” आई म्हणाली. तिला इंग्रजी अडखळत वाचता येतं, पण पुसलेलं तिला कुठल्याही लिपीत कळतं. “काय होतं?”

मी सांगितलं. वरून बायकोने हाक मारली, दूध उतू गेलंय, कुणीतरी वर या. आईने हाताने मला थांबवलं आणि वर बघून म्हणाली, “थांब गं जरा. लिहितायत ते.”

कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत होता. मग ओळ उमटली, इकडे थंडी पडायला लागली आहे, मोडेम ठीक चालतोय. ड्राइव्ह घरघरला, लाल दिवा लागला, विझला. पाहुणे गेले.

“काय म्हणाले?”

“थंडी पडलीय म्हणतायत.”

“मग लिही की. इकडेही पडलीय म्हणावं.”

खुर्ची आता रिकामी होती. मी बसलो. आधी त्यांच्या भावाविषयी एक ओळ टाइप केली, सरळ प्रश्नच. आई बघत होती. मग ती कळ पंचेचाळीसेक वेळा दाबली आणि लिहिलं, इकडेही पडलीय.